विकिपीडियावरचा लेख उडतो कामून?

एखाद्या संस्थाचालकाचा, कवीचा नाहीतर गावच्या महाराजांचा लेख कुणीतरी मनापासून विकिपीडियावर टाकतं आणि दोन दिवसांत तो गायब होतो. मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुरू होतं, मराठवाड्यातलं होतं म्हणून काढलं, पुण्या-मुंबईचं असतं तर हात लावला नसता. अनुशेषाचा सल आपल्याकडं जुना आहे, त्यामुळं असं वाटणं समजू शकतो. पण असे लेख उडायच्या आधी वाचायला मिळाले तर बहुतेक वेळा कारण दुसरंच निघतं, लेखात विशेषणं पोत्यानं आणि पुरावा एकही नाही.

त्यात २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून राज्यभर वाद पेटला, मुख्यमंत्र्यांनी सायबर पोलिसांना विकिपीडियाशी संपर्क करायला सांगितलं, आणि तेव्हापासून "हे लिहितं कोण, ठरवतं कोण" असं लोक चहाच्या टपरीवर पण विचारायलेत. म्हणून हे सगळं मुळापासून सांगतो.

## आधी हे आहे काय

विकिपीडिया इंग्रजीत १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला. त्यामागं विकिमीडिया फाउंडेशन नावाची अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे, सर्व्हर वगैरे तिचे, पण लेख ती लिहीत नाही. लिहिणारे तुमच्या-आमच्यासारखेच, बिनपगारी. कुणी मास्तर, कुणी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कुणी रिटायर झालेला बँकवाला. मराठीत देखरेख करणाऱ्या अनुभवी लोकांना प्रचालक म्हणतात, पान काढायचा किंवा कुलूप लावायचा अधिकार त्यांच्याकडं असतो, पण तेसुद्धा आपल्यातलेच, सरकारनं नेमलेले नाहीत.

आता जिथं कुणीही येऊन काहीही लिहू शकतं तिथं खरं-खोटं ठरवणार कसं? लिहिणारा डॉक्टरेट आहे का दहावी नापास, हे तिथं कुणाला दिसत नाही आणि विचारतही नाहीत. म्हणून त्यांनी माणसावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं आणि विश्वास कागदावर ठेवला. सगळे नियम यातूनच आलेत. लेखकानं बाजू घ्यायची नाही, लिहिलेलं दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे, आणि स्वतः शोधून काढलेली नवीन गोष्ट इथं पहिल्यांदा छापायची नाही.

सातबारा डोळ्यासमोर आणा. गावात सगळ्यांना माहिती असतं की ओढ्याकडचं वावर कुणाचं, चार पिढ्या तेच कसायलेत, तरी कर्ज काढायला बँकेत गेलं की साहेब म्हणतो सातबारा दाखवा. आणि सातबाऱ्यावरच्या नावाला फेरफाराचा नंबर असतो, हे नाव कसं चढलं, खरेदीनं का वारसानं, हे कुणालाही तो फेरफार काढून बघता येतं. विकिपीडियावर वाक्याच्या शेवटी जो छोटा आकडा दिसतो ना, तो हाच फेरफार नंबर. त्याला संदर्भ म्हणतात. आकडा नसेल तर कुणीतरी तिथं "संदर्भ हवा" अशी खूण लावून जातं, ती खूण म्हणजे शिवी नाही, फेरफार दाखवा एवढंच म्हणणं आहे. आणि जमीन कितीही आपली असली तरी आपल्याच हातानं सातबाऱ्यावर आपलं नाव लिहिता येत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

## फ्लेक्सची भाषा

आपल्याकडं माणसाबद्दल लिहायचं म्हटलं की हाताला एक सवय लागलेली आहे. शिक्षणमहर्षी, विकासपुरुष, युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचे आधारवड, धडाडीचे नेतृत्व, हरहुन्नरी व्यक्तिमत्त्व. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हे ठीक आहे, तिथं सगळ्यांना माहिती असतं की हे प्रेमानं किंवा गरजेनं लिहिलंय. विश्वकोशात मात्र वाचणारा कोल्हापूरचा असेल, नागपूरचा असेल, नाहीतर वीस वर्षांनंतर जन्मणारं लेकरू असेल, त्याला "आधारवड" वाचून काय कळणार? या माणसानं नेमकं काय केलं, कधी केलं, कुठं केलं, यातलं काहीच नाही.

एक नमुना बघू, खोटाच आहे पण असे शेकड्यानं सापडतात: "मराठवाड्याच्या मातीतील थोर सुपुत्र, शिक्षणमहर्षी अमुक गुरुजी यांनी अहोरात्र झटून ज्ञानाची गंगा खेड्यापाड्यात पोहोचवली व हजारो विद्यार्थ्यांचे भविष्य उजळवले." आता यातलं तपासता येईल असं काय उरतं ते बघा. थोर, हे मत. अहोरात्र, कुणी मोजलं? ज्ञानाची गंगा म्हणजे शाळा का वाचनालय का वसतिगृह? हजारो म्हणजे किती? सगळं गाळल्यावर फक्त गुरुजींचं नाव हातात राहतं. याच्या जागी असं लिहा की त्यांनी अमुक साली अमुक गावात मुलींसाठी वसतिगृह काढलं, सुरुवातीला इतक्या मुली होत्या, तेव्हा तालुक्यात मुलींचं दुसरं वसतिगृह नव्हतं, आणि प्रत्येक गोष्टीला छापील आधार द्या. वाचणारा स्वतःच म्हणेल, माणूस मोठा होता. त्याच्या तोंडातलं वाक्य आपण आधीच बोलून टाकतो आणि तिथंच तो सावध होतो.

पैठणच्या एकनाथ महाराजांचंच घ्या. "महान संत, थोर समाजसुधारक" हे कुणाबद्दलही लिहिता येतं. पण शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, त्यांनी पाठांतरानं आणि नकलांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी घेतली आणि तिची शुद्ध प्रत तयार केली, आणि यापुढं कुणी यात आपली ओवी घुसडू नये असं बजावूनही ठेवलं, हे फक्त त्यांच्याबद्दलच लिहिता येतं. एकही विशेषण नाही, तरी अंगावर काटा येतो का नाही? जे काम आज विकिपीडियावाले करायला सांगतात ते आपल्या पैठणात सुमारे चारशे चाळीस वर्षांपूर्वी एका माणसानं केलेलं आहे, मूळ काय ते जपायचं, आपलं त्यात मिसळायचं नाही.

विशेषणांसारखीच अजून एक चोरटी सवय म्हणजे "असं म्हटलं जातं", "जाणकारांच्या मते", "अनेकांचं म्हणणं आहे". कोण म्हणतं? कुठं म्हटलंय? नाव आणि ठिकाण दिलं की तेच वाक्य चालतं.

## मग आदर दाखवायचाच नाही का

हा प्रश्न हमखास येतो आणि योग्य आहे. मराठीत मोठ्या माणसाला "तो आला" असं आपण लिहीत नाही, "ते आले" लिहितो, ते आपलं व्याकरणच आहे, त्याला कुणी हरकत घेत नाही. संत एकनाथ, स्वामी रामानंद तीर्थ अशी जी नावं लोकांत रूढ आहेत ती तशीच राहतात. काढायचं ते वरून चिकटवलेलं, माननीय, परमपूज्य, लाडके, सन्माननीय.

आणि हाच नियम उलट्या बाजूनंही तुमच्या कामाचा आहे हे कुणी सांगत नाही. स्तुतीला पुरावा लागतो तसा बदनामीलाही लागतो. हयात माणसाबद्दल तर नियम अजून कडक, वाईट काही लिहिलं आणि पक्का आधार नसेल तर चर्चेची वाट न बघता ते काढायचं असतं. आज आपल्या नेत्याचं कौतुक बिनपुराव्याचं ठेवा म्हणून भांडलो तर उद्या विरोधकानं त्याच लेखात लिहिलेली बिनपुराव्याची शिवी काढा म्हणायला तोंड राहत नाही.

## कोणता कागद चालतो, कोणता नाही

संदर्भ द्या म्हटलं की लोक धडाधड लिंका टाकतात, फेसबुक पोस्ट, युट्यूबवरचा सत्कार समारंभ, संस्थेची स्वतःची वेबसाइट. वर सातबाऱ्याचं म्हटलं तेच इथं लागू होतं. संस्थेनं स्वतःबद्दल लिहिलेलं साध्या बाबतीत चालतं, स्थापना कधी, पत्ता काय, पण संस्था मोठी आहे हे संस्थेच्याच तोंडून चालत नाही. ज्याचा त्यात काही फायदा-तोटा नाही अशा तिसऱ्यानं, तपासून छापायची पद्धत असलेल्या ठिकाणी लिहिलेलं पाहिजे. मराठी विश्वकोश, गॅझेटियर, विद्यापीठातून छापलेलं संशोधन, चांगल्या प्रकाशकाची पुस्तकं, पुरातत्त्व खात्याचे अहवाल, वर्तमानपत्रातल्या बातमीदारानं स्वतः जाऊन केलेली बातमी.

वर्तमानपत्राचं मात्र जपून, आणि हे मी थोडं विस्तारानं सांगणार आहे कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. जिल्हा आवृत्तीत प्रेसनोट जशीच्या तशी लागते हे सगळ्यांना माहिती आहे. कार्यक्रम झाला, संस्थेच्या माणसानं टाइप करून फोटोसकट चार पेपरांना पाठवली, दुसऱ्या दिवशी चारही पेपरात तेच वाक्य, तोच पूर्णविराम. लिहिणारा म्हणतो माझ्याकडं चार संदर्भ आहेत. नाहीत, एकच आहे, आणि तोही संस्थेचाच. तसंच वाढदिवसाची पुरवणी. पानभर मजकूर, मथळा बातमीसारखा, पण पान विकत घेतलेलं असतं, कोपऱ्यात कुठंतरी बारीक अक्षरात "जाहिरात" असं असतं नाहीतर तेही नसतं. २००९ च्या निवडणुकांत पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, विषय आपल्या राज्यासकट देशभर गाजला, प्रेस कौन्सिलला त्यावर समिती नेमावी लागली. गौरवग्रंथाचंही तसंच, त्यात जन्मतारीख, गाव, शिक्षण याची माहिती चांगली मिळते, पण गौरव करायलाच लेख मागवलेले असतात, त्यातून मोठेपणा सिद्ध होत नाही.

मग ओळखायचं कसं? बातमीत दुसरी बाजू आहे का बघा. बातमीदाराचं नाव आहे का, त्यानं अजून कुणाला विचारलंय का, एखादा आकडा, एखादी अडचण, एखादी टीका आहे का. नुसतंच गोडगोड असेल तर समजून घ्यायचं.

## दोन कागद वेगळं बोलत असतील तर

किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आपल्यातल्या कित्येकांच्या घरात त्या रात्रीची आठवण आहे. पण किती माणसं गेली हे शोधायला जा, काही कागदांत सुमारे ८ हजार सापडतं, काहींत पावणेदहा हजारांच्या आसपास, तीव्रता कुठं ६.२ तर कुठं ६.४. अशा वेळी आपल्याला जो बरोबर वाटतो तो आकडा ठेवून दुसरा दाबून टाकायचा, असं करायचं नाही. अमुक अहवालानुसार इतके, तमुकनुसार इतके, असं दोन्ही नावानिशी लिहायचं, फरक कशामुळं पडला हे कुणी अभ्यासकानं सांगितलं असेल तर तेही, संदर्भासकट. मधला आकडा काढून सरासरी तर अजिबात नाही.

मतांचंही हेच. हैदराबाद मुक्तिसंग्रामावर स्वामी रामानंद तीर्थांच्या स्वतःच्या आठवणी छापलेल्या आहेत, अनंत भालेरावांनी लिहिलेला इतिहास आहे. दोघंही त्या लढ्यात होते, त्यामुळं त्यांचं लिखाण मोलाचं आहेच, पण निष्कर्ष लिहिताना "भालेराव यांच्या मते" असं लिहायचं आणि त्याच्या शेजारी बाहेरच्या इतिहासकारांनी काय म्हटलंय तेही ठेवायचं. १७ सप्टेंबर १९४८ ही मुक्तीची तारीख मात्र कुणाचं मत नाही, ती सरळ लिहा. संभाजी महाराजांच्या लेखासारखे वादसुद्धा आतल्या आत सोडवायची जागा म्हणजे लेखाचं चर्चा पान, तिथं जाऊन हा स्रोत जुना आहे, नवीन संशोधन हे म्हणतं, असं दाखवता येतं. नुसतं खोडत बसलं की समोरचा परत लिहितो, आपण परत खोडतो, आणि शेवटी पानाला कुलूप लागतं.

## पण मी तर डोळ्यानं बघितलंय

बघितलं असेल. आजोबांनी सांगितलेलं असेल, बारवेवरचा शिलालेख तुम्ही स्वतः वाचला असेल, खोटं आहे असं कुणीच म्हणत नाही. पण फुलंब्रीत बसून वाचणारा ते तपासणार कसा? स्वतःचं संशोधन नाही हा नियम इथं लागतो. याचा अर्थ ते वाया गेलं असा नाही, फक्त पहिला मुक्काम वेगळा आहे. शिलालेखाचा फोटो विकिमीडिया कॉमन्स या फोटोंच्या भांडारात टाका, तिथं स्वतः काढलेले फोटो पाहिजेतच. वाचन आणि अर्थ मात्र एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकाला दाखवून संशोधन पत्रिकेत नाहीतर मराठवाडा साहित्य परिषदेच्या "प्रतिष्ठान"सारख्या नियतकालिकात छापून आणा, मग त्या छापील लेखाचा संदर्भ देऊन दुसऱ्या कुणीतरी विकिपीडियावर घालावं.

यालाच चिकटून येतो सगळ्यात दुखरा आक्षेप, आमच्याकडचं कुणी लिहूनच ठेवलं नाही मग आम्ही कायमचे बाहेर का? यात तथ्य आहे. ज्या भागात छापखाने, विद्यापीठं, पेपर उशिरा आले त्या भागाचे कागद कमी, कागद कमी म्हणून लेख कमी, हे खरंच आहे आणि हा नियम आपल्यासारख्यांना जास्त जाचतो. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ १९५८ ला मिळालं, त्याच्या आधीचं कितीतरी कामकाज उर्दूत, कागद हैदराबादला. पण म्हणून काहीच नाही असंही नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं नाव, तगर म्हणून, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात आहे, म्हणजे आपल्या गावाचा संदर्भ दोन हजार वर्षं जुना आहे! जिल्ह्याची गॅझेटियर आहेत, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका गावनिहाय माहितीसकट इंटरनेटवर आहेत, पीएचडीचे प्रबंध शोधगंगा नावाच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात, त्यात मराठवाड्यातल्या किल्ल्यांवर, बारवांवर, लोकगीतांवर काम केलेलं सापडतं. ते कुणी उघडत नाही.

## फोन येतो, पेज बनवून देतो म्हणून

डॉक्टर, बिल्डर, कोचिंग क्लासवाले यांना असे फोन येतात, एवढे हजार द्या, विकिपीडिया पेज बनवून देतो, गॅरंटी. अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, कारण पान राहील का नाही हे फोन करणाऱ्याच्या हातात नसतंच. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं ते उघड सांगितलंच पाहिजे अशी अट २०१४ पासून विकिमीडियाच्या नियमातच आहे. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर एक टोळी सापडली, नाकारलेले लेख शोधायचे, त्या धंदेवाल्याला गाठायचं, पैसे घेऊन लेख चढवायचा आणि नंतर तो टिकवून ठेवायचे दर महिन्याला पैसे मागायचे. एका झटक्यात ३८१ खाती बंद केली आणि दोनशेच्या वर लेख काढले. ज्यांनी पैसे दिले त्यांचे पैसेही गेले आणि नावही बदनाम झालं.

स्वतःबद्दल, स्वतःच्या वडिलांबद्दल, आपण नोकरीला आहोत त्या संस्थेबद्दल लिहायचं नाही हे पण यातच आलं. चूक दिसली तर चर्चा पानावर "मी यांचा मुलगा आहे, ही तारीख चुकलीय, हा पुरावा" असं लिहा, दुसरा कुणी दुरुस्त करेल.

## विकिपीडियाचाच संदर्भ, नाहीतर एआयचा

विकिपीडियावरच्या एका लेखाला दुसऱ्या विकिपीडिया लेखाचा संदर्भ चालत नाही, कामून ते या गोष्टीवरून कळेल. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्यानं कोआटी नावाच्या प्राण्याच्या लेखात गमतीनं लिहिलं की याला ब्राझिलियन आर्डवार्क असंही म्हणतात. कुणी पकडलं नाही. मग पेपरवाल्यांनी विकिपीडिया बघून तेच छापलं, आणि पुढं त्याच पेपरचा संदर्भ त्या वाक्याला लागला! खोटं फिरून आलं आणि खरं होऊन बसलं. ही गोष्ट २०१४ मध्ये बाहेर आली. आपल्याकडं गावांच्या नावांच्या कथा अशाच फिरतात, एका ब्लॉगवरून विकिपीडियावर, तिथून जिल्ह्याच्या पेपरात, तिथून स्पर्धा परीक्षेच्या गाइडात, आणि मग गाइडाचा संदर्भ.

एआयचं तर अजून अवघड. लेख लिहून दे म्हटलं की "समृद्ध वारसा", "महत्त्वपूर्ण योगदान" असली वाक्यं भरभरून देतो, म्हणजे फ्लेक्सचीच भाषा, आणि संदर्भ दे म्हटलं की नसलेल्या पुस्तकांची नावं पान नंबरासकट देतो. इंग्रजी विकिपीडियानं २०२५ मध्ये असे न तपासता टाकलेले लेख चर्चेशिवाय काढायची सोय केली. आणि गंमत नाही ही, काळजीची गोष्ट आहे, कारण हेच एआय विकिपीडिया वाचून शिकतात, गूगलवर नाव टाकलं की बाजूच्या चौकटीत दिसणारी माहिती पण बऱ्याचदा तिथूनच येते. आज किल्लारीबद्दल, तेरबद्दल तिथं जे असेल तेच उद्या लेकरांना उत्तर म्हणून मिळणार.

## सुरुवात कुठून करायची

नवीन लेखापासून करू नका, विशेषतः माणसावरच्या तर नकोच. आपल्या तालुक्याचा, नदीचा, किल्ल्याचा लेख उघडा, "संदर्भ हवा" कुठं लिहिलंय ते शोधा आणि तेवढं एक वाक्य घेऊन तालुक्याच्या वाचनालयात जा. उदाहरणार्थ २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत साधारण ५ लाख लिटर. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण लेखात "ऐतिहासिक पाणीटंचाई" लिहिण्याऐवजी त्या महिन्यातला पेपर काढून तारीख, डबे, लिटर असं लिहिलं तर ते वाक्य कुणी काढणार नाही. लिहून बघायचं असेल तर धूळपाटी नावाचं सरावाचं पान असतं, तिथं चुका करा.

पुस्तक इंटरनेटवर नसेल तरी चालतं, लिंक पाहिजेच असा नियम नाही. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, साल आणि पान नंबर एवढं लिहा. पान नंबर मात्र नक्की लिहा, नाहीतर पुढच्या माणसाला एक ओळ तपासायला चारशे पानं चाळावी लागतात.